सरकारी टेंडर भरायचंय? आधी पहिल्या तीन महिन्यांचे पैसे मोजा

(हा आपल्या एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय. आकडे मात्र शांतपणे बघता यावेत म्हणून नीट मांडून लिहिलेत.)

गेल्या काही आठवड्यांत मला सगळ्यात जास्त मेसेज एकाच विषयावर आलेत. "ताई, आमची हाउसकीपिंगची छोटी फर्म आहे, सरकारी काम कसं मिळवायचं?" "मी एसी आणि कॉम्प्युटर रिपेअर करतो, टेंडर भरता येईल का?" "आमची टुरिस्ट गाडी आहे, सरकारी ऑफिसला भाड्याने लावायची आहे." कुणी डेटा एन्ट्रीवालं आहे, कुणी केटरिंगवालं, कुणी बागकामवालं.

मी आणि माझी मोठी बहीण नाशिकमध्ये हाउसकीपिंगची फर्म चालवतो. त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या पोटापाण्याचा आहे. आज पोर्टल, कागद, दर, बिल असं सगळं बोलू. पण एक गोष्ट आधीच सांगते. टेंडर भरणं अवघड नाही, आणि कधी कधी ते मिळणंही अवघड नसतं. खरी कसोटी लागते ती काम मिळाल्यापासून पहिलं बिल हातात पडेपर्यंत. छोट्या फर्म बुडतात त्या तिथेच, म्हणून आजचा जास्त वेळ तिथे देणार आहे.

सरकार आपल्याकडून काय घेतं?

टेंडर म्हटलं की डोळ्यांसमोर रस्ते, पूल, धरणं येतात. ते मोठ्या ठेकेदारांचं जग. पण जिल्हा रुग्णालय, आयटीआय, तहसील कचेरी, पोस्ट, एसटीचं आगार, विद्यापीठ, सरकारी बँक, विमा कंपनी यांना रोज काय लागतं ते बघा. साफसफाई, सुरक्षा रक्षक, चहा-कँटीन, गाड्या, झेरॉक्स, कॉम्प्युटरची देखभाल, पेस्ट कंट्रोल, झाडांची निगा, कार्यक्रमाचा मंडप. हे सगळं सेवेत येतं आणि यातलं बरंच काम आपल्यासारख्या छोट्या माणसांना झेपणारं असतं.

शोधायचं कुठे?

तीन जागा लक्षात ठेवा.

पहिली, महाटेंडर्स. महाराष्ट्र शासनाचं हे ई-निविदा पोर्टल. राज्याची खाती, जिल्हा परिषदा, महानगरपालिका, नगरपालिका यांची टेंडरं इथे येतात. नुसतं बघायला लॉगिन लागत नाही. फोनवर उघडा, संस्थेप्रमाणे किंवा ठिकाणाप्रमाणे शोधा.

दुसरी, जेम, म्हणजे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस. २०१६ साली सुरू झालं. केंद्राची मंत्रालयं आणि खाती यांना जी वस्तू किंवा सेवा जेमवर मिळते ती तिथूनच घ्यावी लागते. राज्यातली बरीच कार्यालयंही आता तिथे असतात. विक्रेता म्हणून नोंदणी फुकट आहे. ठरावीक रकमेपुढच्या ऑर्डरवर व्यवहार शुल्क असतं.

तिसरी, केंद्राचं सीपीपी पोर्टल. केंद्राच्या अनेक संस्थांची टेंडरं इथे दिसतात.

आणि एक जागा ऑनलाइन नाही. अगदी लहान कामांसाठी कार्यालयं टेंडर काढत नाहीत, दरपत्रकं मागवतात. दोन-चार जणांकडून कोटेशन घेतात आणि काम देतात. याची सूचना बरेचदा कार्यालयाच्या नोटीस बोर्डावर असते. म्हणून आपल्या तालुक्यातल्या आठ-दहा कार्यालयांत एकदा जाऊन या. लेटरहेडवर आपली ओळख, कामाचा प्रकार, जीएसटी नंबर आणि फोन नंबर असं पत्र आवक-जावक विभागात द्या आणि पोचपावती घ्या. काम मिळेलच असं नाही. पण कोटेशन मागवायची वेळ आली की तुमचं नाव त्यांच्या फायलीत तरी असेल.

कागद: एकदाच बसून नीट करा

पॅन, जीएसटी, बँक खातं, शॉप ॲक्टची नोंदणी, मागच्या तीन वर्षांचे आयकर रिटर्न, सीएने सही केलेला उलाढालीचा दाखला. माणसं पुरवायची असतील तर पीएफ आणि ईएसआयसीचे कोड. तुमच्याकडे माणसं कमी असली तरी टेंडर हे कोड मागतंच.

मग उद्यम नोंदणी. ही पूर्ण फुकट आहे, आधारवर होते, कागद अपलोड करावे लागत नाहीत. गुगलवर शोधलं तर वर वर सरकारी वाटणाऱ्या साइट्स येतात आणि हजार-दीड हजार फी मागतात. तिथे एक रुपयाही देऊ नका. पत्ता सरकारी डोमेनचा आहे ना, एवढं बघा. १ एप्रिल २०२५ पासून व्याख्या बदलली आहे. गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर तुम्ही 'सूक्ष्म'. म्हणजे हा एपिसोड ऐकणारे आपण जवळजवळ सगळेच.

महाटेंडर्ससाठी डिजिटल सही लागते, क्लास ३ ची, यूएसबी टोकनमध्ये. ती स्वतःच्या नावावर घ्या आणि स्वतःकडे ठेवा. बरेच जण टोकन आणि पासवर्ड दोन्ही एजंटच्या ड्रॉवरमध्ये ठेवतात. कोऱ्या चेकवर सही करून देण्यासारखंच आहे हे. तुमच्या नावाने कुठलं टेंडर, कुठल्या दराने भरलं गेलं, हे तुम्हालाच नंतर कळेल.

टेंडर वाचायचं कसं?

साठ-सत्तर पानांची पीडीएफ असते. आधी पाचच गोष्टी बघा: अंदाजित रक्कम, शेवटची तारीख, इसारा रक्कम म्हणजे ईएमडी, पात्रतेचे निकष आणि पैसे देण्याच्या अटी. यातली एक जरी बसत नसेल तर पुढचं टेंडर उघडा.

पात्रतेत नवीन माणूस अडतो तो अनुभवाच्या अटीत. बऱ्याच ठिकाणी एक ठरलेलं सूत्र दिसतं. अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची तीन कामं, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक काम, तेही तशाच प्रकारचं. म्हणजे २४ लाखांचं टेंडर असेल तर ९ लाख ६० हजारांची तीन कामं, किंवा १२ लाखांची दोन, किंवा १९ लाख २० हजारांचं एक.

मग पहिला अनुभव आणायचा कुठून? खाजगीतून. शाळा, हॉस्पिटल, मोठी सोसायटी, कारखाना, जिथे काम करताय तिथे काम संपलं की लगेच अनुभवाचा दाखला मागा. त्यात कामाचं स्वरूप, कालावधी आणि रक्कम हवीच. पैसे बँकेतून आलेले असू द्या, टीडीएस कापलेला असू द्या. रोखीत केलेलं दहा वर्षांचं काम टेंडरपुढे शून्य असतं.

बोली दोन लिफाफ्यांत जाते. पहिल्यात तांत्रिक कागद, दुसऱ्यात दर. पहिल्यात पास झालात तरच दुसरा उघडतो. म्हणून दराचा आकडा पहिल्या लिफाफ्यातल्या कुठल्याही कागदावर दिसता कामा नये. दराची एक्सेल शीट पोर्टलवरून जशी उतरवली तशीच भरायची, त्यातल्या रांगा-रकाने बदलायचे नाहीत. शेवटी बोली 'फ्रीझ' करायची आणि पोच सेव्ह करायची. ईएमडी एनईएफटीने भरणार असाल तर दोन दिवस आधी भरा. शेवटच्या दुपारी बँक आणि सर्व्हर दोघंही तुमच्या घाईत नसतात. आणि हो, टेंडर फोनवर बघा, पण भरायला लॅपटॉपवरच बसा.

मधल्या काळात शुद्धिपत्रक निघतं. तारीख बदलते, अट बदलते. रोज एकदा बघायचं.

दर: खालून वर मोजा

आता मुख्य भाग. समजा एका कार्यालयाची साफसफाई आहे, ८ माणसं, एका वर्षासाठी. बहुतेक जण काय करतात? मागच्या वर्षी ठेका किती रुपयांना गेला ते विचारतात आणि त्यातून दोन-चार हजार कमी करतात. आम्ही उलटं करतो. माणसाच्या पगारापासून सुरू करतो.

हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. किमान वेतन परिमंडळाप्रमाणे आणि कामाच्या प्रकाराप्रमाणे वेगळं असतं, आणि त्यातला महागाईचा विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो. चालू दर कामगार विभागाच्या साइटवर बघा.

समजा किमान वेतन भत्त्यासह १४,००० रुपये.
मालकाचा पीएफ, प्रशासन खर्च आणि विमा धरून १३ टक्के: १,८२०.
ईएसआयसी ३.२५ टक्के: ४५५.
बोनस ८.३३ टक्के: १,१६६.
साप्ताहिक सुट्टीला बदली माणूस, महिन्याचे चार दिवस: साधारण २,१५०.
गणवेश, हातमोजे, बूट: ३००.

बेरीज झाली साधारण १९,९००, एका माणसाची. आठ माणसांचे १,५९,२००. फिनाईल, मॉप, मशीनची झीज यांचे १८,०००. सुपरवायझरची ये-जा, सीएची फी, फोन, पेट्रोल: ८,०००. आलो १,८५,२०० वर. हे पैसे तुम्ही आधी घालणार आणि नंतर मिळवणार, म्हणून त्यावरचं व्याज साधारण ५,५०० धरा. आता आपला नफा ५ टक्के, म्हणजे ९,५०० च्या आसपास. एकूण २ लाख रुपये महिना, जीएसटी वेगळा.

आणि दुसरा कुणीतरी १ लाख ६० हजार भरतो. कसं काय?

फिनाईल आपण ज्या भावात घेतो त्याच भावात तोही घेतो. पीएफचा टक्का त्याच्यासाठी कमी नसतो. मग हे ४० हजार आले कुठून? पगारातून. दुसरी जागाच नाही. बाईच्या बँक खात्यात पूर्ण पगार जमा होतो, म्हणजे कागद स्वच्छ. मग महिन्याच्या दहा तारखेला सुपरवायझर येतो आणि त्यातले तीन-चार हजार रोख परत मागतो. किंवा कागदावर आठ माणसं असतात आणि कामावर सहा. हे उघड गुपित आहे. या क्षेत्रात काम करणाऱ्या कुठल्याही मावशींना विचारा.

आमच्या फर्ममध्ये बहिणीने पहिल्या दिवसापासून एक नियम ठेवलाय. पगाराच्या ओळीला हात लावायचा नाही. दर कमी करायचा तर आमच्या नफ्यातून किंवा मशीन लावून. तेवढ्याने जमत नसेल तर ते टेंडर आपलं नाही. या नियमामुळे आमची टेंडरं हातची जातात का? जातात. मागच्या वर्षी दहा भरली, दोन मिळाली. पण आमच्या मावशी पाच-पाच वर्षं टिकून आहेत, आणि अनुभवाचा दाखला मागायला गेलं की कार्यालय तो लगेच देतं, कारण तक्रारच नसते.

आणि हा फक्त चांगुलपणाचा प्रश्न नाही हं. वेतन बुडवल्याची तक्रार झाली तर जबाबदारी तुमच्यावर येते. काळ्या यादीत गेलात की पुढची काही वर्षं दुकान बंद.

पहिलं बिल येईपर्यंत

आपल्याच उदाहरणात बघू. महिन्याला २ लाख, वर्षाचे २४ लाख. काम मिळालं, पेढे वाटले. आता खिसा किती रिकामा होतो ते मोजा.

सुरक्षा अनामत ५ टक्के धरली तर १ लाख २० हजार. ही काम संपेपर्यंत अडकून राहते. बँक गॅरंटी दिली तरी बँक तुमची एफडी अडकवतेच.

तीन महिन्यांचा खर्च साधारण साडेपाच लाख.

जीएसटी १८ टक्के धरला तर महिन्याला ३६ हजार, तीन महिन्यांचे १ लाख ८ हजार. इथे बरेच जण फसतात. कर बिल काढलं की भरावा लागतो, पैसे आले की नव्हे. स्थानिक संस्थांना दिलेल्या काही सेवांना जीएसटी माफ असतो, म्हणून दर भरण्याआधीच सीएला विचारा.

एकूण झाले पावणेआठ लाखांच्या वर. म्हणजे २ लाख महिन्याचं दिसणारं काम घ्यायला ८ लाख हाताशी हवेत. नफा महिन्याला साडेनऊ हजार. आणि बिल आलं तरी जीएसटीचा टीडीएस २ टक्के आणि आयकराचा टीडीएस, प्रोप्रायटर असाल तर १ टक्का, असे ६ हजार कापूनच येतं. ते पुढे कर भरताना वळते होतात, पण त्या महिन्यात हातात नसतात.

आमच्या एका कामात पहिलं बिल चौथ्या महिन्यात निघालं. हजेरीपत्रकावर ज्या अधिकाऱ्याची सही हवी होती त्यांची बदली झाली होती, आणि नवीन साहेब जुन्या महिन्यांवर सही करायला तयार नव्हते. त्यात कुणाची खोट शोधणार? पण त्या काळात नऊ घरांचा पगार सात तारखेलाच जायला हवा होता. गेला, कारण आम्ही तीन महिन्यांचे पैसे बाजूला ठेवूनच काम घेतलं होतं. तेव्हापासून हजेरीपत्रकावर आठवड्याच्या आठवड्याला सही घ्यायची पद्धत लावली. बिलासोबत पीएफ-ईएसआयसीचं चलन, पगाराचं बँक स्टेटमेंट आणि कामाचा दाखला, सगळं एका फायलीत, पहिल्या पाच दिवसांत. बिल उशिरा गेलं की पुढचं सगळंच उशिरा.

कायदा आपल्या बाजूने काय म्हणतो?

केंद्राच्या खरेदीत सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २०१२ चा आदेश आहे. केंद्राची खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के वाटा आपल्यासारख्यांकडून घ्यायचा असतो. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिला उद्योजकांकडून. टेंडरची कागदपत्रं फुकट आणि ईएमडी माफ. तुमचा दर सगळ्यात कमी दरापेक्षा १५ टक्क्यांच्या आत वर असेल तर तो कमी दर मान्य करून कामाचा काही भाग घ्यायची संधीही मिळू शकते. अर्थात, मगाचं गणित विसरून तो दर मान्य करायचा नाही! बांधकामासारख्या कामांना आणि निव्वळ व्यापाऱ्यांना हा आदेश लागू नाही. राज्याची खाती आणि महापालिका यांचे नियम वेगळे असतात. तिथे त्या टेंडरमध्ये जी सवलत लिहिली असेल तेवढीच धरायची.

दुसरं, २००६ चा एमएसएमई कायदा. काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. सरकारी कार्यालयांनाही हा कायदा लागू आहे. तक्रार ऑनलाइन करता येते. पण उद्यम नोंदणी काम घेण्याच्या आधीची हवी. नंतर केलीत तर या हक्कावरच वाद होतो.

केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांचं काम असेल तर 'ट्रेड्स' बघा. कंपनीने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि थोडी सूट कापून पैसे आधी देतात.

"ताई, सेटिंग लागतं का?"

हा प्रश्न येणारच. सरळ सांगते. काही टेंडरच्या अटी वाचतानाच कळतं की कुणाच्या तरी मापाने शिवल्या आहेत. साफसफाईच्या लहान कामाला अवाच्या सवा उलाढाल मागणं, किंवा अमुकच शहरात पंधरा वर्षं ऑफिस हवं असं लिहिणं. तिथे निविदापूर्व बैठकीत किंवा ठरलेल्या मुदतीत लेखी प्रश्न विचारा. कधी कधी शुद्धिपत्रक निघून अट खरंच बदलते. नाही बदलली तर पुढचं टेंडर बघा.

पण सगळीकडे तसं नसतं. अनेक लहान टेंडरांना पुरेशा बोलीच येत नाहीत आणि मुदत वाढवावी लागते. तुमची बोली नाकारली तर कारण लेखी मागा. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तर साधारण ३० दिवसांत मिळायला हवं. भांडायला नव्हे, शिकायला मागा. कुणाचा दर किती होता, आपण कुठल्या कागदावर पडलो, हे कळतं.

आणि दोन ठिकाणी ठाम नाही म्हणा. कुणी म्हणालं, "तुमचं सर्टिफिकेट द्या, काम आम्ही करतो, तुम्हाला दोन टक्के," तर नाही. कुणी फोन करून म्हणालं, "टेंडर मंजूर झालंय, प्रोसेसिंग फी या क्यूआर कोडवर टाका," तर तेही नाही. टेंडरचे पैसे फक्त टेंडरमध्ये लिहिलेल्या पद्धतीने भरायचे.

या आठवड्यात काय कराल?

आज उद्यम नोंदणी. उद्या महाटेंडर्सवर तुमच्या जिल्ह्यातली तुमच्या कामाची तीन जुनी टेंडरं शोधा आणि फक्त वाचा. परवा त्यांपैकी एकाचा दर वर सांगितला तसा खालून वर मांडा, आणि ते काम कितीला गेलं ते पोर्टलवर बघा. मग कॉपीवर एकच आकडा लिहा: माझ्याकडे तीन महिन्यांचे किती पैसे आहेत? त्या आकड्यात बसेल एवढंच काम शोधा. दोन माणसांचं असलं तरी चालेल. दोन माणसांचं नीट केलेलं काम पुढच्या वर्षी पाच माणसांच्या टेंडरला अनुभव म्हणून लागतं.

पुढच्या एपिसोडमध्ये जेमवर सेवेची बोली प्रत्यक्ष कशी भरायची ते स्टेप बाय स्टेप बघू. तुमच्या जिल्ह्यात एखाद्या टेंडरची अट विचित्र वाटली तर तिचा स्क्रीनशॉट पाठवा, फर्मचं नाव झाकून. आपण ती एकत्र वाचू. भेटू!